नोकरी देणारा पैसे मागत नाही!

भुकेल्याच्या झोळीत भाकरीऐवजी दगड टाकणारा माणूस निर्दय खराच. परंतु त्या झोळीत हात घालून तिच्यातला उरलासुरला चतकोरही पळवणाऱ्याला काय म्हणावे? मराठी भाषेत शिव्यांची वाण नाही. तरीही या नराधमाला शोभेल असा शब्द आम्हांस सापडत नाही. बेकार तरुणाला मोबाईलवरून नोकरीचे आमिष दाखवून त्याच्याच खिशातून पैसे काढणाऱ्या टोळ्यांनी आज देशभर धुमाकूळ घातला आहे. ही साधी चोरी नव्हे. चोर घरातले धन नेतो. हे दरोडेखोर घरातल्या तरुणाचा स्वतःवरचा विश्वासच लुटून नेतात. म्हणून आज बाकीचे सारे विषय बाजूस सारून आम्ही या एकाच विषयावर लिहिणार आहोत, आणि ते मुख्यतः बोरगावच्या, सौंसरच्या आणि पांढुर्ण्याच्या तरुणांसाठी लिहिणार आहोत.

बोरगावच का? कारण आशा आणि निराशा या दोघींनी एकाच उंबरठ्यावर मुक्काम ठोकावा, असे हे गाव आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या या गावाला औद्योगिक वसाहत आहे, कापडाच्या गिरण्या आहेत, भोंगे आहेत, मालमोटारींची रीघ आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे एका बाजूस गेले आणि हा मराठी मुलूख दुसऱ्या बाजूस राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला; जिल्ह्याची पाटी बदलली, पण तरुणाच्या हाताला काम मिळण्याचा प्रश्न पाटीने सुटत नसतो. इथल्या मुलाने नोकरी शोधावी कुठे? भोपाळ दूर, नागपूर जवळ. पण नागपूर दुसऱ्या राज्यात. कारखान्याचे फाटक घरासमोर; पण आत जायचे ते ठेकेदाराच्या यादीतून. अशा तरुणाच्या मोबाईलवर रात्री दहा वाजता निरोप येतो : “घरबसल्या काम, रोज दोन हजार रुपये, अनुभवाची गरज नाही.” तो निरोप त्याने उघडू नये, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता हा सापळा कसा लावला जातो, ते पायरीपायरीने पाहू. कारण ज्याला फासा दिसतो तो फाशात अडकत नाही. प्रथम व्हॉट्सअॅपवर अनोळखी क्रमांकावरून गोड निरोप येतो. काम काय? तर यूट्यूबवरच्या चित्रफितीला पसंती द्यायची, एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायचे. प्रत्येक वेळी पन्नास रुपये. आणि गंमत अशी की, पहिले दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात! येथेच तरुणाच्या मनातला संशय मरतो. मग त्याला टेलिग्रामवरच्या एका गटात घेतले जाते. त्या गटात शेदीडशे माणसे “मला आज आठ हजार मिळाले,” “मला बारा हजार मिळाले,” असा जयघोष करीत असतात. ही सारी त्या टोळीचीच प्यादी! जत्रेतल्या तीन पत्तीवाल्याभोवती त्याचेच साथीदार गिऱ्हाईक बनून उभे असतात, तसा हा प्रकार. नंतर ‘आगाऊ रकमेचे काम’ येते : हजार भरा, तेराशे घ्या. तेराशे मिळतात. पाच हजार भरा, साडेसहा घ्या. मग वीस हजार. मग पन्नास. पडद्यावर त्याच्या नावापुढे लाखाचा आकडा झळकू लागतो आणि तो काढायला गेला की उत्तर येते : “तुमच्या कामात चूक झाली, खाते गोठले आहे, सोडवण्यासाठी आणखी चाळीस हजार भरा.” गेलेले पैसे परत मिळावेत म्हणून तो आणखी पैसे भरतो. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा. पहिले दीडशे रुपये हे त्याचे वेतन नव्हते. ते गळाला लावलेले गांडूळ होते.

हे काही आमच्या कल्पनेतले चित्र नव्हे. जुलै २०२३ मध्ये हैदराबादच्या पोलिसांनी अशाच एका जाळ्याचा छडा लावला. टेलिग्रामवरून अर्धवेळ काम देण्याच्या नावाखाली सुमारे पंधरा हजार भारतीयांकडून सातशे कोटींहून अधिक रुपये उकळले गेले होते, आणि त्याचे धागेदोरे थेट चीनपर्यंत पोहोचत होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला केंद्र सरकारने अशा प्रकारच्या शंभराहून अधिक संकेतस्थळांवर बंदी घातल्याचे जाहीर केले. ही संकेतस्थळे परदेशातून चालवली जात होती आणि त्यांचे भक्ष्य कोण होते? तर निवृत्त कर्मचारी, स्त्रिया आणि अर्धवेळ काम शोधणारे बेकार तरुण. म्हणजे ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे सर्वांत थोडे, त्यांनाच प्रथम लुटायचे, हा या दरोडेखोरांचा हिशेब! सर्व तऱ्हेच्या सायबर फसवणुकींत मिळून देशाने २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ साली तोच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! कोणत्या कारखान्याची, कोणत्या शेतीची भरभराट या वेगाने झाली आहे?

सापळ्याचा दुसरा प्रकार खोट्या नेमणूकपत्राचा. रेल्वे, कोळसा खाण, विमानतळ, बँक, नाव कोणतेही घ्या. बोधचिन्ह छापलेले, शिक्का मारलेले, सहीने सजलेले पत्र मोबाईलवर येते आणि त्यामागोमाग मागण्यांची यादी येते. नोंदणीचे पाचशे, गणवेशाचे दोन हजार, वैद्यकीय तपासणीचे तीन हजार, आणि ‘परत मिळणारी’ अनामत दहा हजार. २०२२ सालची गोष्ट. तामिळनाडूतल्या २८ तरुणांना रेल्वेत नोकरी लावतो म्हणून दिल्लीस नेण्यात आले. प्रशिक्षण म्हणून नवी दिल्लीच्या स्थानकावर रोज आठ आठ तास येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवण्यात आले. सुमारे महिनाभर ती बिचारी मुले गाड्या मोजीत राहिली! त्यांच्याकडून मिळून दोन कोटी सदुसष्ट लाख रुपये उकळले गेले होते. वाचून हसू येते ना? पण हसण्यापूर्वी विचार करा. ती मुले आळशी नव्हती. आठ तास उन्हातान्हात उभे राहून त्यांनी दिलेले काम इमानाने केले. श्रम खरे होते. फक्त नोकरी खोटी होती. त्यांच्या इमानदारीचाच गळफास त्यांच्या गळ्याभोवती आवळला गेला.

याच घराण्यातला एक धाकटा भाऊ म्हणजे ‘डाटा एन्ट्री’. शेकडो पाने टंकलिखित करून द्यायची. आठवड्याने कळते की चुका जास्त झाल्या, करार मोडला, आता दंड भरा. पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस, न्यायालयाच्या नावाचा कागद आणि अटकेची धमकी येते. आम्ही निक्षून सांगतो, असल्या नोटिशीला भिऊन एक छदामही देऊ नका. टंकलेखनात चुका झाल्या म्हणून पोलीस कोणाला बेड्या घालीत नसतात. न्यायालयाचा खरा समन्स व्हॉट्सअॅपवर दंडाची रक्कम आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड घेऊन येत नसतो.

तिसरा प्रकार अधिक भयंकर, कारण त्यात तरुणाचे पैसे जात नाहीत, उलट येतात! “तुमचे बँक खाते आम्हांस वापरायला द्या, महिना पाच हजार घ्या,” असा निरोप येतो. काहीच करायचे नाही. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड तेवढे हवाली करायचे. काय सुखाची नोकरी! परंतु त्या खात्यातून जो पैसा धावतो, तो दुसऱ्या कोणा बेकाराच्या किंवा विधवेच्या घरातून लुटलेला असतो. तपास सुरू झाला म्हणजे पोलीस प्रथम ज्याच्या नावाचे खाते त्याच्याच दारात येऊन उभे राहतात. खरा चोर समुद्रापलीकडे, आणि आरोपी बोरगावात! खाते गोठते आणि ज्या चारित्र्याच्या दाखल्यावर खरी नोकरी मिळायची, तोच दाखला काळवंडतो.

चौथा प्रकार थेट माणूसच पळवतो. थायलंडात संगणकावरचे काम, मोठा पगार, विमानाचे तिकीट आमचे, असे सांगून तरुणांना पर्यटकाच्या व्हिसावर नेतात आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमधल्या काटेरी कुंपणांच्या आत कोंडतात. पासपोर्ट काढून घेतात. मारहाणीच्या धाकाखाली त्यांच्याकडूनच आपल्या देशबांधवांना फसवण्याचे काम करून घेतात. अशा नोकऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. तरी मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत मायदेशी आणावे लागले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी साठाहून अधिक भारतीयांची सुटका केली आणि माणसे पुरवणाऱ्या दलालांना पकडले. तेव्हा लक्षात घ्या, बोरगावच्या मुलाला रात्री दहा वाजता गोड निरोप पाठवणारा हातही कदाचित दुसऱ्या एखाद्या गावच्या कोंडलेल्या मुलाचाच असेल! एका गुलामाने दुसऱ्याला लुटावे आणि दोघांच्या घामावर मालकाने चैन करावी, अशी ही व्यवस्था आहे.

इतिहास वाचणाऱ्याला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत कोकणातला मराठी माणूसही होता. त्या बेटावर उतरलेल्या मजुरांची संख्या साडेचार लाखांच्या घरात जाते. त्यांच्यापैकी कित्येकांना आपण कुठे चाललो, किती दिवसांसाठी चाललो, हेही धड सांगितले गेले नव्हते. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट आजही त्याची साक्ष देतो. ही करारी मजुरीची भरती थांबायला १९१७ साल उजाडावे लागले. त्या काळी दलाल दुष्काळी गावाच्या वेशीवर बसत असे. आजचा दलाल तरुणाच्या उशाशी, मोबाईलच्या पडद्यावर बसला आहे. वेश बदलला, वाहन बदलले. भुकेवर पैज लावण्याचा त्याचा धंदा तोच आहे.

काही शहाणे यावर म्हणतील, “पोरे लोभी आहेत, म्हणून फसतात.” आम्हांस हे मुळीच मान्य नाही. लोभ म्हणजे गरजेपेक्षा अधिक मागणे. बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यासाठी, संत्र्याचा बहर गळाला म्हणून बापाला हातभार लावण्यासाठी महिना पंधरा हजारांची वाट पाहणारा मुलगा लोभी, आणि पाच हजार अर्जांवर पाच जागा भरणारी व्यवस्था निर्लोभी काय? लुटल्या गेलेल्या मुलाला लोभी म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. आणि याच मिठाच्या भीतीने तो मुलगा गप्प बसतो. बापाला सांगत नाही, मित्राला सांगत नाही, पोलिसांकडे जात नाही. कर्ज देणाऱ्या अॅपवरून नवे कर्ज काढतो आणि रात्र रात्र तळमळत राहतो. या टोळ्यांचे सर्वांत मोठे भांडवल पैसा नव्हे, तंत्रज्ञानही नव्हे. आपली लाज हेच त्यांचे भांडवल आहे! ते भांडवल काढून घ्या, त्यांचे अर्धे दुकान बसेल.

उरलेले अर्धे बसवण्यासाठी थोडी पारख हवी. तिची पहिली कसोटी आम्ही शीर्षकातच दिली आहे. नोकरी देणारा पैसे मागत नाही. जो मागतो, तो नोकरी देत नाही. सरकारी परीक्षेची फी असते हे खरे. पण ती अधिकृत जाहिरातीत छापलेली असते आणि त्या खात्याच्याच संकेतस्थळावर भरायची असते, कोणा ‘साहेबां’च्या खात्यावर नव्हे. रेल्वेची भरती रेल्वेच्या भरती मंडळांमार्फतच होते. तिथे मधला माणूस नसतो. दुसरी कसोटी अशी की, नेमणूकपत्र आले म्हणजे ते पाठवणाऱ्याला काही विचारू नका. ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या संकेतस्थळावर स्वतः जा, तिथला क्रमांक शोधा आणि विचारा. कंपनी बोरगावच्याच वसाहतीतली असेल, तर चालत फाटकावर जा. दहा मिनिटांची ती पायपीट दहा हजार वाचवील. तिसरी कसोटी घाईची. “आज रात्री बारापर्यंत पैसे भरा, नाहीतर जागा गेली,” असे म्हणणारा तुम्हांला विचार करू देत नाही, कारण विचार हाच त्याचा शत्रू आहे. चौथी गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा : पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी कोणास सांगू नये, आणि आपल्या मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे कोणतेही अॅप परक्याच्या सांगण्यावरून उतरवून घेऊ नये. परदेशी नोकरीचा दलाल १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. कामासाठी नेणारा माणूस पर्यटकाचा व्हिसा दाखवू लागला, तर त्या विमानात पाऊल टाकू नका.

आणि एवढे करूनही फसलात तर? तर रडत बसू नका, धावा! १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा, सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. लुटलेला पैसा या खात्यातून त्या खात्यात घटकाघटकाला पळत असतो. पहिल्या तासात तक्रार झाली तर तो वाटेत अडवता येण्याची आशा असते; चार दिवसांनी त्याचा मागही उरत नाही. निरोप पुसू नका; व्यवहाराचे क्रमांक, पडद्याची चित्रे, फोन क्रमांक सारे जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा आहे. आणि “गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा,” असे म्हणत दुसरा कोणी येईल, तो पहिल्याचाच सख्खा भाऊ समजा.

येथे सीमेवरच्या माणसाचे खास दुखणे सांगितलेच पाहिजे. राहायचे मध्य प्रदेशात, बँक नागपूरची, चोर कुठला ते ब्रह्मदेवाला ठाऊक! मग ठाण्यावर ऐकावे लागते, “हा गुन्हा आमच्या हद्दीतला नाही.” बंधूंनो, हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने घेतलीच पाहिजे. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. आणि तक्रार हिंदीत लिहिता येत नाही म्हणून कोणी आजीबाई, कोणी शेतकरी मागे राहत असेल, तर त्यांना राज्यघटनेचे ३५० वे कलम वाचून दाखवा. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. मराठीत रडणाऱ्या माणसाला मराठीत फिर्याद करता यावी, ही भीक नव्हे, हा हक्क आहे.

राज्यकर्त्यांनाही आम्ही विचारतो, सावधानतेच्या सूचना राजधानीच्या भिंतींवर इंग्रजीत आणि हिंदीत झळकतात. त्या सौंसरच्या आठवडी बाजारात मराठीत का झळकू नयेत? आयटीआयमध्ये यंत्र चालवायला शिकवता, मग खोटे नेमणूकपत्र ओळखायला अर्धा तास का शिकवू नये? वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याने आपल्या खऱ्या रिकाम्या जागांची यादी फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, तर खोट्याचा बाजार आपोआप उठेल. अंधार असतो म्हणूनच चोर फिरतो!

आणि दुसऱ्यांना उपदेश करताना आम्ही स्वतःचे घरही झाकून ठेवणार नाही. “त्वरित पाहिजेत, पगार तीस हजार, संपर्क अमुक मोबाईल” असल्या दोन ओळींच्या जाहिराती वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापल्या आणि त्यांचे पैसे गल्ल्यात टाकले. त्या पापात आम्हीही वाटेकरी आहोत. आजपासून मालकाचे नाव आणि पडताळून पाहिलेला पत्ता असल्याखेरीज नोकरीची एकही जाहिरात या पत्रात छापली जाणार नाही. उत्पन्न घटले तर घटो.

बोरगावच्या तरुणांनो, तुम्ही काम मागता यात लाजण्यासारखे काही नाही. फसवले गेलात यातही नाही. लाज वाटायची असेल तर ती लुटणाऱ्याला वाटो आणि लूट पाहून डोळे मिटणाऱ्याला वाटो. तुमच्यापैकी जो फसला असेल, त्याने आज संध्याकाळी पारावर येऊन आपली हकीकत चारचौघांत मोठ्याने सांगावी. ती ऐकून त्या रात्री गावातल्या दुसऱ्या एखाद्या मुलाचा बोटाखाली आलेला पिन टाकायचा राहील. आणि मायबापांनो, तो सांगू लागला म्हणजे त्याच्यावर ओरडू नका. त्याला जवळ बसवा, पाणी द्या आणि पहिला प्रश्न विचारा : “१९३० ला फोन केलास का, बाळा?”